कूटलेखनातील जोडभाग : सोय आणि सावधगिरी

पोस्टकार्डावरचा मजकूर पोस्टमन वाचू शकतो, शेजारी वाचू शकतो, आणि कार्ड चुकीच्या दारी पडले तर तिसराच कोणी वाचू शकतो. हे ठाऊक असूनही आपल्याकडील कित्येक पिढ्यांनी पोस्टकार्डावर संसार चालविले. कारण त्यात चोरण्याजोगे फारसे काही नसे. आज तीच घरे खिशातल्या फोनवरून बँकेचे पैसे पाठवितात, विजेचे बिल भरतात, डॉक्टरांचे अहवाल मागवितात. हा मजकूर ज्या तारांतून आणि ज्या यंत्रांतून जातो ती बहुतेक परक्यांच्या ताब्यातली असतात. तरीही वाटेत तो कोणास वाचता येत नाही, कारण घरून निघण्यापूर्वीच त्याला कूटरूप दिलेले असते आणि मुक्कामी पोहोचल्यावर ते उकलले जाते. हे कूटरूप देणारी यंत्रणा कशी रचलेली असते, तिचे भाग कसे जोडले व काढले जातात, आणि त्या जोडणीत ढिलाई झाली तर काय होते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. विषय तांत्रिक आहे खरा. पण घराला कुलूप कोणते लावावे हा प्रश्न जसा केवळ लोहाराचा नसतो, तसा हाही केवळ संगणकवाल्यांचा नाही.

रीत आणि किल्ली

गुप्त लेखन आपल्याला नवे नाही. अक्षरांऐवजी आकडे वापरणारी अंकपल्लवी जुन्या मंडळींना ठाऊक होती. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा लिप्यांत शतकानुशतके जतन करून ठेवले. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती : लिहिण्याची रीत हेच गुपित होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना सकळ लिपीची उकल झाली, आणि त्याबरोबर त्या लिपीतला एखादा ग्रंथ नव्हे, तर सगळेच ग्रंथ वाचता येऊ लागले. मराठी भाषेच्या दृष्टीने हे मोठेच भाग्य. पण गुप्ततेच्या दृष्टीने पाहिले तर रीत फुटली की सारे फुटते, हा त्यातला धडा आहे.

ऑगुस्त केर्कहॉफ्स याने १८८३ साली फ्रान्समध्ये लष्करी कूटलेखनावर लिहिताना याच्या उलट तत्त्व मांडले. रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित असावे ते फक्त किल्लीत. आजची सारी कूटविद्या या तत्त्वावर उभी आहे. रीती छापून प्रसिद्ध केल्या जातात, जगभरचे गणिती त्यांवर तुटून पडतात, आणि वर्षानुवर्षे टिकते ती रीत आपण वापरतो. किल्ली म्हणजे काय, तर एक भला मोठा आकडा. तो तेवढा ज्याचा त्याने सांभाळायचा.

या तत्त्वाचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रीत उघड असेल, तर ती बदलताही आली पाहिजे. कारण उघड रीत आज टिकली म्हणून उद्या टिकेलच असे नाही. अमेरिकन सरकारने १९७७ साली डेस नावाची रीत प्रमाण म्हणून स्वीकारली. तिची किल्ली ५६ बिटांची होती. १९९८ साली एका नागरी हक्क संस्थेने मुद्दाम यंत्र बांधून, शक्य त्या किल्ल्या एकामागून एक लावून पाहत, ती ५६ तासांत फोडून दाखविली. १९८७ साली निघालेली आरसी४ ही रीत इंटरनेटवर कित्येक वर्षे सर्रास चालत होती. २०१५ साली सुरक्षित जोडणीच्या नियमांतून तिला रीतसर मनाई झाली. कुलपांना गंज चढतो, तसा रीतींनाही काळ चढतो. तेव्हा दर वेळी दार उखडावे लागू नये, केवळ कुलूप बदलता यावे, ही सोय हवी. आमचा विषय ही सोयच आहे.

कोठार आणि त्याचे कारभारी

संगणकाचा प्रत्येक कार्यक्रम लिहिणारा माणूस कूटलेखन स्वतः करू लागला तर अनर्थ होईल. या कामात छोटीशी चूकही महाग पडते. म्हणून हे काम एका ठिकाणी जाणकारांनी करून ठेवावे आणि बाकीच्यांनी ते मागून घ्यावे, अशी वहिवाट आहे. अशा तयार कामांच्या कोठाराला लायब्ररी म्हणतात. या लायब्रऱ्यांपैकी अतिशय मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी एक म्हणजे ओपनएसएसएल. तिचे मूळ ऑस्ट्रेलियात आहे. एरिक यंग व टिम हडसन यांनी १९९५ च्या सुमारास तिची पूर्वज लायब्ररी लिहिली, आणि १९९८ च्या अखेरीस इतरांनी ते काम पुढे उचलून त्याला आजचे नाव दिले. ती कोणालाही फुकट मिळते व तिचे अंतरंग कोणालाही वाचता येते. बँका, दुकाने, सरकारी कचेऱ्या यांच्या असंख्य यंत्रांत ती बसलेली असते. ग्राहकाला मात्र तिचे नावही ठाऊक नसते.

अशा कोठारात सगळ्या रीती कायमच्या चिणून टाकल्या तर तीन अडचणी येतात. पहिली यंत्रांची. काही संस्था हे अवघड गणित करण्यासाठी वेगळी यंत्रे घेतात, किंवा किल्ली अशा उपकरणात ठेवतात की ती त्यातून बाहेर पडूच नये. आपल्याकडे ई-निविदा भरणारे ठेकेदार आणि चार्टर्ड अकाउंटंट डिजिटल सहीसाठी जे यूएसबी टोकन बाळगतात, ते याच जातीचे लहान उपकरण आहे. लायब्ररीला त्या उपकरणाशी बोलता आले पाहिजे. दुसरी अडचण काळाची. ती वर सांगितलीच. तिसरी कायद्याची. काही सरकारे आपल्या कामासाठी तपासून प्रमाणित केलेलाच भाग वापरला पाहिजे असा आग्रह धरतात, आणि प्रमाणित भागात अक्षराचाही बदल चालत नाही. या तिन्ही अडचणींवर उपाय एकच : लायब्ररीचे काही भाग सुटे ठेवायचे आणि लागतील तेव्हा जोडायचे. अशा सुट्या भागाला इंग्रजीत मॉड्यूल म्हणतात. आम्ही त्याला जोडभाग म्हणू.

पहिली सोय : इंजिन

ओपनएसएसएलने ही सोय २००० सालच्या सुमारास प्रथम केली, आणि जोडभागाला नाव दिले इंजिन. त्यात एक मौजेचे इंजिन होते. ते स्वतः कूटलेखनाचे काहीच काम करीत नसे. त्याचे काम फक्त दुसरी इंजिने शोधून आणण्याचे. त्याला फाईलचा पत्ता द्यायचा, कोणत्या नावाचे इंजिन हवे ते सांगायचे, आणि 'आण' म्हणायचे. ते ती फाईल चालू कार्यक्रमाच्या स्मरणात ओढून घेई. मग आधी तिची आवृत्ती विचारली जाई, आणि ती जुळली तरच तिला पुढे कामाची जोडणी करू दिली जाई.

इंजिन आणल्यावर त्याच्याशी दोन प्रकारचे संबंध ठेवता येत. एक नुसत्या ओळखीचा : हे इंजिन कोण, नाव काय, याला काय काय येते, एवढे विचारण्यापुरता. दुसरा प्रत्यक्ष कामाचा : इंजिन सज्ज झाले आहे, उपकरण जागे आहे, आता काम सांगा. हा फरक उगाच केलेला नव्हता. यादीत नाव असलेले प्रत्येक उपकरण त्या क्षणी यंत्राला जोडलेले असेलच असे नाही. शिवाय दोन्ही प्रकारच्या संबंधांची मोजदाद ठेवली जाई. शेवटच्या माणसाने 'माझे काम झाले' असे सांगेपर्यंत इंजिन काढून टाकायचे नाही. नाहीतर एकजण झोपाळ्यावर बसलेला असताना दुसऱ्याने कड्या काढाव्यात, तसा प्रकार व्हायचा. जोडभाग आणणे सोपे असते. तो केव्हा व कोणी काढायचा याचा हिशेब ठेवणे, यालाच व्यवस्था म्हणतात.

तरीही इंजिनांची रचना पुरी पडली नाही. लायब्ररीच्या पोटातल्या रचनेशी इंजिनांचा फार जवळचा संबंध असे. त्यामुळे लायब्ररी सुधारायची तर इंजिनांची अडचण, आणि सर्वस्वी नवी रीत आणायची तर लायब्ररीच्या ठरलेल्या क्रमांकांची अडचण. शेवटी ७ सप्टेंबर २०२१ रोजी निघालेल्या ३.० या आवृत्तीत जोडभागांची रचना मुळापासून नवी केली गेली, आणि इंजिनांची पद्धत यापुढे मोडीत निघणार असे जाहीर झाले.

दुसरी सोय : पुरवठादार

नव्या जोडभागाचे नाव प्रोव्हायडर, म्हणजे पुरवठादार. नवी कल्पना समजण्यास नाटक मंडळीचा दाखला उपयोगी पडेल. नाटकातली भूमिका वेगळी आणि ती करणारा नट वेगळा. जाहिरातीत भूमिकेचे नाव असते. आज ती कोणी करावी हे व्यवस्थापक ठरवितो. नव्या रचनेत लायब्ररीचा मध्यवर्ती भाग हा असा व्यवस्थापक झाला आहे. तो स्वतः कूटलेखनाच्या रीती चालवीत नाही. कार्यक्रम त्याच्याकडे भूमिकेचे नाव घेऊन येतो. उदाहरणार्थ, 'एईएस, २५६ बिटांची किल्ली' ही भूमिका. व्यवस्थापक ती भूमिका येणारा पुरवठादार पाहून त्याचे काम कार्यक्रमाच्या हवाली करतो.

पुरवठादार येतो तेव्हा पहिली भेट ठरलेल्या रीतीने होते. मध्यवर्ती भाग त्याला आपल्याकडील सोयींचा तक्ता देतो, पुरवठादार आपल्या कामांचा तक्ता परत देतो. तक्त्यातल्या प्रत्येक कामाला ठरलेला क्रमांक असतो. एखाद्या नव्या पुरवठादाराने जुन्या लायब्ररीला न कळणारा क्रमांक दिला, तर ती तो सोडून देते आणि बाकीचे काम चालू राहते. त्यामुळे दोघांचे वय सारखे असण्याची गरज उरली नाही.

ओपनएसएसएलबरोबर असे पाच पुरवठादार येतात. रोजच्या वापरातल्या रीती करणारा 'डिफॉल्ट', म्हणजे नेहमीचा. किल्ल्या व प्रमाणपत्रे वाचण्या-लिहिण्याचे किरकोळ काम करणारा 'बेस'. अमेरिकन सरकारच्या फिप्स या कसोटीस उतरण्यासाठी वेगळा काढलेला 'फिप्स'. काहीही न करणारा 'नल'. याचा उपयोग एवढाच की कोणी आपोआप घुसू नये म्हणून जागा अडवून ठेवायची. आणि पाचवा 'लेगसी', म्हणजे जुना. डेस, आरसी४, आरसी२, एमडी४ अशा काळ चढलेल्या रीती याच्याकडे आहेत. त्यांना पार हाकलून दिले नाही, कारण जुने दस्तऐवज उघडायला त्या कधी लागतात. पण बोलावल्याशिवाय त्या येत नाहीत.

प्रश्नचिन्हाची किंमत

एकाच भूमिकेचे दोन नट हजर असले तर? येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. समजा, 'नेहमीचा' व 'फिप्स' असे दोन्ही पुरवठादार हजर आहेत, आणि दोघांनाही एईएस येते. कार्यक्रमाने नुसते 'एईएस द्या' म्हटले, तर कोणाचे मिळेल? ओपनएसएसएलचे कागद स्पष्ट सांगतात की दोघे सारखेच जुळत असतील तर कोण निवडला जाईल ते ठरलेले नाही. म्हणजे ज्या कार्यालयाने प्रमाणित भाग मुद्दाम आणून बसविला, त्याचेच काम अप्रमाणित भागाकडून होऊ शकते. आणि काम बिनतक्रार होत असल्यामुळे कोणास पत्ताही लागत नाही.

यासाठी मागणीबरोबर अट घालण्याची सोय आहे. 'फिप्स बरोबर होय' अशी अट घातली की त्या गुणाचाच नट मिळेल. नसेल तर मागणी नाकारली जाईल. याच अटीच्या आरंभी एक प्रश्नचिन्ह लावले, तर अर्थ बदलतो : असा मिळाला तर बरा, न मिळाल्यास दुसरा चालेल. एका प्रश्नचिन्हाचा फरक. पण पहिली अट आहे आणि दुसरी केवळ इच्छा. लग्नाच्या याद्यांपासून सरकारी करारापर्यंत अट आणि इच्छा यांची गल्लत झाली की काय होते, हे आपल्याला सांगायला नको. सुरक्षेच्या कामात नकार हा पुष्कळदा होकारापेक्षा हिताचा असतो. काम बंद पडले तर माणूस चौकशी करतो. काम कमी प्रतीच्या रीतीने चालू राहिले तर कोणीच करीत नाही.

आणखी एक खाचखळगा येथेच सांगून टाकतो. कोणत्याही पुरवठादाराचे नाव मुद्दाम घेतले नाही, तर 'नेहमीचा' आपोआप हजर होतो. परंतु आपण दुसऱ्या एखाद्याला, उदाहरणार्थ 'जुन्या'ला, नावाने बोलावले, तर 'नेहमीचा' आपोआप येत नाही. त्यालाही नावाने बोलवावे लागते. पाहुण्याला आमंत्रण दिल्यावर घरच्या आचाऱ्याने आपल्याला सुट्टी समजावी, तसे हे आहे. लायब्ररीच्या मांडणीच्या फाईलीतच याविषयी इशारा लिहून ठेवला आहे. दुसरा पुरवठादार चालू करताना नेहमीचा चालू करायचे विसरलात, तर यंत्रातील इतर कार्यक्रम अडतील, इतकेच नव्हे तर दूरच्या यंत्रात प्रवेश करणेही अशक्य होऊन बसेल. तरी ही चूक लोक करतात, कारण फाईल बदलणारा माणूस सहसा घाईत असतो.

जुन्याला बोलावण्याचे दोन प्रकार

ऑक्टोबर २०२१ मध्ये नोड या लोकप्रिय साधनाची १७ वी आवृत्ती निघाली. तिच्यात नवी ओपनएसएसएल होती. त्याबरोबर जगभरच्या संकेतस्थळे बांधणाऱ्या लोकांची कामे अडली, आणि पडद्यावर 'अनसपोर्टेड', म्हणजे 'हे येथे चालत नाही', असा त्रोटक निरोप दिसू लागला. कारण तपासता असे आढळले की वेबपॅक नावाचे एक साधन फाईलींना ओळखीचे ठसे देण्यासाठी एमडी४ ही जुनी रीत वापरीत होते. त्यात गुप्ततेचा काही संबंध नव्हता. फाईल बदलली की नाही एवढे कळण्यापुरता तो ठसा होता. परंतु एमडी४ आता 'जुन्या'कडे गेली होती आणि त्याला कोणी बोलावले नव्हते.

उपाय ताबडतोब पसरला : एक शब्द लिहून 'जुन्या'ला बोलवा, म्हणजे काम चालू होईल. झालेही. पण ज्याला फक्त एमडी४ हवी होती, त्याने तिच्यासाठी डेस, आरसी४ आणि इतर सारी मंडळी कार्यक्रमात घेतली. ती आली म्हणजे लगेच कोणी त्यांना बँकेचे काम देते असे नाही, हे मान्य केले पाहिजे. पण कार्यक्रमाच्या एखाद्या विसरलेल्या कोपऱ्यात कोणी जुने नाव पुकारले, तर पूर्वी नकार मिळाला असता तेथे आता होकार मिळतो. शिवाय तात्पुरता म्हणून लिहिलेला तो शब्द पुढच्या फाईलीत नकलून जातो आणि कायमचा होतो. वेबपॅकच्या कर्त्यांनी पुढे ठशासाठी दुसरी रीत दिली. तो खरा उपाय होता.

याउलट रास्त वापर कसा असतो तेही पाहू. डिजिटल प्रमाणपत्र व किल्ली एकत्र बांधून ठेवण्याची एक फाईल असते. ओपनएसएसएलच्या जुन्या आवृत्त्या तिच्यातील प्रमाणपत्र ४० बिटांच्या आरसी२ ने बंद करीत. नवी आवृत्ती अशी फाईल उघडायला नकार देते. त्या वेळी 'जुन्या'ला त्या एका कामापुरते बोलवावे, फाईल उघडावी, आतला ऐवज नव्या रीतीने पुन्हा बंद करावा, आणि 'जुन्या'ला निरोप द्यावा. पहिल्या प्रकारात नकार चुकविण्यासाठी दार उघडे टाकले. दुसऱ्यात दाराआडचे काम संपवून दार पुन्हा लावले. दोन्हींत 'जुना' एकच. फरक आहे तो व्यवस्थेचा.

घरात घेतलेला माणूस

आतापर्यंत आम्ही ओपनएसएसएलच्या स्वतःच्या जोडभागांविषयी बोललो. पण या सोयीचा अर्थच असा की तिऱ्हाइताचा जोडभागही जोडता येतो. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. जोडभाग हा दारावर थांबून निरोप देणारा नोकर नव्हे. तो कार्यक्रमाच्या स्मरणातच वस्ती करतो. कार्यक्रमाला जे दिसते ते त्याला दिसते. किल्ल्यांचा जुडगा जेथे टांगलेला असतो त्याच खोलीत तो बसतो. एका स्मरणात राहण्याचा अर्थ काय, हे एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या हार्टब्लीड या दोषाने जगाला दाखविले. तो जोडभागाचा दोष नव्हता, ओपनएसएसएलच्याच आतली चूक होती. पण तिच्यामुळे बाहेरच्या माणसाला एका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंत स्मरण वाचता येई, आणि त्यात किल्लीचे तुकडेही सापडू शकत. बाहेरच्याला चुकून एवढे मिळते, तर घरात घेतलेल्याला किती मिळेल?

म्हणून जोडभाग कोठून येतो, हा प्रश्न तो काय करतो याइतकाच महत्त्वाचा आहे. जुलै २०१९ मध्ये ओपनएसएसएलने एक दोष जाहीर केला. विंडोज यंत्रांसाठी एका विशिष्ट साधनाने बांधलेली लायब्ररी आपली मांडणीची फाईल आणि जोडभाग सी ड्राइव्हवरील अशा फोल्डरात शोधत असे की ते फोल्डर तेथे मुळात नसे, आणि यंत्राचा कोणताही सामान्य वापरकर्ता ते तयार करू शके. तसे करून त्यात स्वतःची फाईल ठेवली की मोठ्या अधिकाराने चालणारा कार्यक्रम ती आपली म्हणून उचलणार! रीतीत दोष नव्हता, किल्लीत दोष नव्हता. दोष पत्त्यात होता. याच कारणाने, पर्यावरणातल्या एका शब्दाने जोडभागांचा पत्ता बदलण्याची जी सोय आहे, ती वाढीव अधिकाराने चालणाऱ्या कार्यक्रमांत लायब्ररी स्वतःहून दुर्लक्षिते.

त्याहून सूक्ष्म प्रकार २९ मार्च २०२४ रोजी उजेडात आला. फाईली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट घालून ठेवली होती. काही लिनक्स यंत्रांत दूरप्रवेशाचा कार्यक्रम दुसऱ्याच एका कारणासाठी ही लायब्ररी आपल्याबरोबर ओढून घेत असे. आत आल्यावर ती सही तपासणारे ओपनएसएसएलचे एक काम बदलून त्या जागी स्वतःचे काम बसवी. प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त का लागतो, अशी शंका अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आली आणि त्याने माग काढला, म्हणून हे वेळीच सापडले. हा ओपनएसएसएलचा पुरवठादार नव्हता. किंबहुना कूटलेखनाशी त्याचा संबंधच नव्हता. पण ज्याला घरात घेतले तो कोणत्या खोलीत जाईल ते सांगता येत नाही, याचा एवढा ठसठशीत दाखला दुसरा नाही.

परीक्षा आणि तिच्या मर्यादा

मग विश्वास ठेवायचा कसा? 'फिप्स' पुरवठादाराची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. तो बसविताना त्याच्या संपूर्ण फाईलचा एक ठसा काढून वेगळा नोंदवून ठेवतात. पुढे तो हजर होताना स्वतःच्या फाईलचा ठसा पुन्हा काढून नोंदीशी ताडून पाहतो. मग स्वतःची परीक्षा घेतो : उत्तर आधीच ठाऊक असलेली उदाहरणे सोडवितो. एखादे चुकले तर सर्वच काम करण्यास नकार देतो. ऑगस्ट २०२२ मध्ये या भागाला अमेरिकेचे प्रमाणपत्र मिळाले. तो सुटा असल्याचा लाभ असा की बाकीची लायब्ररी सुधारत राहते, आणि प्रमाणित भाग मात्र न हलता जागेवर राहतो.

परंतु या परीक्षेकडून भलती अपेक्षा करू नये. बिघडलेली, अर्धवट नकललेली किंवा चुकीची फाईल ती पकडते. ज्याने सारे यंत्रच ताब्यात घेतले, तो फाईलबरोबर नोंदही बदलू शकतो. स्वतःची परीक्षा स्वतः घेणारा विद्यार्थी प्रामाणिक असेल तोवरच ती परीक्षा. तेव्हा फाईलवर लिहिण्याचा अधिकार कोणाला आहे, हा जुना, साधा प्रश्न कायम राहतोच.

पुढचे कुलूप

एवढे धोके असतील तर जोडभागांची सोयच नको, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर येत्या काळात आहे. १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बांधता आला, तर आज सह्या आणि किल्ल्यांची देवघेव ज्या गणितावर चालते ते गणित कोसळेल. तसा संगणक आज नाही. पण आज अडवून साठविलेला मजकूर उद्या उघडता येईल, म्हणून वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही. १३ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने या धोक्याला तोंड देणाऱ्या तीन नव्या रीती प्रमाण म्हणून प्रसिद्ध केल्या. ओपनएसएसएलने त्या स्वतः आत्मसात करण्यापूर्वीच अभ्यासकांनी वेगळा पुरवठादार लिहून अशा रीती चालवून पाहिल्या होत्या. कार्यक्रमांना त्यासाठी नव्याने लिहावे लागले नाही. एप्रिल २०२५ च्या ३.५ या आवृत्तीत त्या रीती नेहमीच्या घरात आल्या. डेस बदलताना जगाला जे कष्ट पडले, ते या वेळी थोडे तरी कमी पडावेत, याचे श्रेय या जोडभागांच्या सोयीला आहे.

सोय नको असे म्हणून भागणार नाही, आणि सोय आहे म्हणून निष्काळजीही राहता येणार नाही. आपल्यापैकी कोणी पतसंस्थेचे संचालक असतील, कोणी नगरपालिकेत असतील, कोणाच्या शाळेचे वा रुग्णालयाचे काम संगणकावर चालत असेल. त्यांना लायब्ररीचे पोट उघडून पाहण्याची गरज नाही. पण यंत्रणा पुरविणाऱ्या कंपनीच्या माणसाला त्यांनी चार प्रश्न जरूर विचारावेत. आमच्या यंत्रात कूटलेखनाचे कोणते जोडभाग चालू आहेत, आणि त्यांची यादी कोठे लिहिलेली आहे? ते ज्या फोल्डरातून येतात त्यात लिहिण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे? हवी ती रीत मिळाली नाही तर यंत्र नकार देते, की गुपचूप दुसरी चालवून घेते? आणि 'तात्पुरते' म्हणून चालू केलेले जुने भाग कोणत्या तारखेला बंद होणार?

या प्रश्नांची उत्तरे कोणास आज देता आली नाहीत, तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. शोधून पुढच्या सभेत द्यावीत. मात्र ती कोणी कधी विचारलीच नाहीत, असे होऊ नये. कुलूप भारी असले तरी त्याची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे घरच्या माणसाला ठाऊक असावे लागते, आणि हा नियम लोखंडी कुलपांच्या काळापासून बदललेला नाही.